कारणाचा रकाना

"ओळ ३७ ला कारण दिलेलं नाही. कारण कळेपर्यंत मी सुरू होणार नाही. घाई असेल तर आधी पाणी प्या."

स्क्रीनवर एवढंच आलं आणि शेजारी कर्सर उघडझाप करत राहिला. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी पाणी प्यालो. या कचेरीतल्या एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं आणि मी लगेच ऐकलं, असं बहुधा पहिल्यांदाच झालं असावं. आमची ही सर्व्हिस, म्हणजे सतत चालू राहणारा एक प्रोग्राम, दिसायला काहीच नाही. अकरा रक्तपेढ्यांत मिळून चौऱ्याऐंशी फ्रिज आहेत, त्यांत रक्ताच्या पिशव्या आहेत, प्रत्येक फ्रिजात एक तापमापक आहे, आणि तो जे सांगेल ते ही सर्व्हिस आठही प्रहर ऐकत असते. एखादा फ्रिज उबायला लागला की ती त्या पेढीत भोंगा वाजवते. बस, एवढंच काम. रक्त अर्धा तास उबेत राहिलं की परत ठेवता येत नाही, फेकावं लागतं. कुणाला कळलंच नाही तर ते फेकलंही जात नाही, कुणाला तरी दिलं जातं, आणि त्याचा विचार आम्ही शक्यतो जेवणानंतर करत नाही. दहा वाजता मी ही सर्व्हिस बंद केली होती, कारण ती चालवणाऱ्या जुन्या संगणकाचा पंखा गेले दोन महिने दमेकऱ्यासारखा ओढत होता आणि शेजारी नवं यंत्र तयार होतं. तिची सेटिंगांची फाइल उचलून नव्या यंत्रावर ठेवली, सुरू हो म्हटलं. ती नेहमीप्रमाणे आधी फाइल वाचायला बसली आणि सदतिसाव्या ओळीवर अडली. जुनं यंत्र परत लावून उपयोग नव्हता, तिथेही ती हीच फाइल वाचणार होती. तोवर अकरा पेढ्यांत अकरा माणसं दर दहा मिनिटांनी एकेका फ्रिजसमोर उभी राहून आकडे हाताने कागदावर उतरवत होती, आणि साहेबांनी त्यांना बारा वाजेपर्यंतचा शब्द दिला होता. शब्द साहेबांचा, घाम माझा. कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

ओळ सदतीस अशी होती: पेढी सात, फ्रिज दोन, भोंग्याआधी थांबायचं: २४० मिनिटं. आणि त्यापुढचा रकाना कोरा. म्हणजे या फ्रिजात ऊब शिरली तर सर्व्हिसने दोनशे चाळीस मिनिटं वाट बघायची आणि मग बोंबलायचं. बाकी बहुतेक फ्रिजांना दहा मिनिटं होती, तीन-चार जुन्यांना पंधरा. दोनशे चाळीस एकट्यालाच. माझी पहिली प्रतिक्रिया, सांगायला हरकत नाही, अशी झाली की असेल काहीतरी. माणूस इतक्या वर्षांत जे काही शिकतो त्याचं सार या दोन शब्दांत मावतं. फाइलमध्ये दोनशे चौदा ओळी, प्रत्येक ओळीत तीन रकाने: काय, किती, का. मी तीन नोकऱ्या केल्या आणि अशा फायली शेकड्यांनी पाहिल्या. सगळीकडे पहिले दोनच रकाने असतात. काय आणि किती. तिसरा फक्त आमच्याकडे, आणि तो बाईंचा. बाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. ही सर्व्हिस त्यांनी लिहिली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती सहन केली. खोलीत त्यांचं नाव 'पण-का' असं पडलं होतं, कारण त्यांना काहीही सांगितलं तरी त्या आधी मान हलवायच्या, मग चष्मा काढायच्या आणि मग विचारायच्या, "हो, पण का?" चहा घेणार का विचारलं तरी त्यांचं उत्तर तेच असेल अशी एक अफवा होती. ती मीच पसरवली होती.

तिसऱ्या रकान्याची बैठक मला लख्ख आठवते, कारण मी त्यात सगळ्यात जास्त हसलो होतो. बाईंनी सांगितलं की सर्व्हिस सुरू होताना सगळी फाइल वाचेल, आणि एकाही सेटिंगचं कारण लिहायचं राहिलं असेल तर ती सुरूच होणार नाही. त्यावेळचे साहेब, म्हणजे आताच्या साहेबांच्या आधीचे, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "अहो बाई, माणसं हुशार असतात. कारणात नुसतं 'क' लिहितील आणि पुढे जातील."

"जातील," बाई म्हणाल्या.

"मग तुमचा प्रोग्राम काय करणार?"

"सुरू होणार. त्याला काय कळतंय."

"मग उपयोग काय?"

"'क' लिहिताना त्या माणसाला कळेल, की आपण 'क' लिहितोय."

यावर मी हसलो आणि म्हणालो, बाई, ही सर्व्हिस आहे की प्रायश्चित्त. सगळे हसले, बाईसुद्धा. मात्र रकाना राहिला. पुढे महिनाभर बाई एकेका पेढीत जाऊन आल्या. तिथल्या लोकांमागे स्टूल घेऊन बसल्या, दार उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं, आणि दोनशे चौदा ओळींची दोनशे चौदा कारणं लिहिली. ती मी तेव्हा वाचली नव्हती. फाइल वाचणं हे सर्व्हिसचं काम, माणसाचं नव्हे, असं माझं मत होतं, आणि आळशी माणसाची मतं बहुधा अशी नीटनेटकीच असतात. आज सदतिसाव्या ओळीला शेजार काय आहे हे पाहायला म्हणून वर-खाली सरकलो आणि पाहता पाहता वाचतच गेलो. "थांबायचं: १० मिनिटं. कारण: दार उघडून पिशवी काढायला तीन मिनिटं लागतात, घाबरलेल्या माणसाला सात, वरची तीन फोन वाजला तर." "भोंग्याचा आवाज: ४. कारण: ५ वर ठेवला तर पेढी तीनमधल्या आजी दचकतात आणि त्यांच्या हातात पिशवी असते." "आधी पेढीत फोन, मग घरी. कारण: घरचा फोन नवरा उचलतो, सांगतो म्हणतो आणि झोपतो." मी खुर्ची पुढे ओढली. इतकी वर्षं ज्या फाइलवरून मी उंबरठा ओलांडावा तशी ये-जा करत होतो, ती वाचताना एखाद्या बाईने कुणाच्या घरात चार दिवस राहून, कुणाचं नावही न घेता, त्या सगळ्यांना जपून ठेवावं तसं वाटत होतं. एकाही ओळीत 'आवश्यकतेनुसार' नव्हतं. एकाही ओळीत 'योग्य ती' नव्हतं. आमच्या कचेरीच्या कागदांतून हे दोन शब्द काढले तर उरतात ती फक्त तारीख आणि सही.

अकरा वाजता साहेबांचा फोन आला. साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि प्रत्येक वाक्य एखादी गोष्ट उरकल्यासारखं बोलतात. "काय झालं? चालू?"

"नाही साहेब. एका ओळीला कारण नाही, म्हणून अडलीय."

"कसलं कारण?"

"बाईंचा तो रकाना."

"देवा. अजून आहे का तो? काहीतरी लिहा ना."

"आकडाच विचित्र आहे. दोनशे चाळीस मिनिटं."

"असेल काहीतरी तिकडचं. 'स्थानिक गरज' लिहा. तीन वर्षं चालू होती ना, एकदा तरी बोंब झाली का? नाही ना? मग झालं."

हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. सर्व्हिस तीन वर्षं एकदाही बंद पडली नव्हती हे खरं. साहेब दर तीन महिन्यांच्या अहवालात ते ठळक टाइपात छापायचे, जणू ते स्वतःच कोपऱ्यात उभे राहून चालवत होते. मी कारणाच्या रकान्यात 'स्थानिक गरज' लिहिलं. दोन शब्द, सुबक, कुठेही न खुपणारे. लिहिले आणि लगेच ओळ शहाणी दिसायला लागली, चारचौघांत बसवता येईल अशी. आता फक्त सुरू हो म्हणायचं होतं. बोट बटणावर होतं. आणि मला कळत होतं की मी 'क' लिहितोय. बाई खोलीत नव्हत्या, दोन वर्षांपासून नव्हत्या, त्यांच्या टेबलावर आता प्रिंटरचे कागद असतात. तरी त्यांनी चष्मा काढला आहे असं स्पष्ट वाटलं. अशा वेळी माणसाला राग यायला हवा. मला आला तो कौतुकाचा राग, जो फार गैरसोयीचा असतो, कारण तो कुणावर काढता येत नाही. मी ते दोन शब्द पुसले आणि बाईंना फोन लावला. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यात म्हणाल्या, अजून तीन जण पुढे आहेत, बोल.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ही ओळ माझी नाही."

"ते समजलं बाई. तुमची असती तर तिथे निबंध असता."

"तीन वर्षांपूर्वी शेवटची सुरू केली ती मी. तेव्हा प्रत्येक ओळीला कारण होतं, नाहीतर ती उठलीच नसती. म्हणजे ही ओळ त्यानंतर कुणीतरी बदलली. आणि ती वाचते एकदाच, उठताना."

ती वाचते एकदाच. हे मला माहीत होतं, सोम्या-गोम्यालाही माहीत असतं, आणि तरी ते माहीत असणं आणि आज सकाळ या दोहोंमध्ये काही संबंध आहे हे मी पाहिलंच नव्हतं. बाईंनी ते मुद्दाम तसं केलं होतं. पहारेकऱ्याने कामावर येताना हुकूम नीट वाचून घ्यावेत, त्या म्हणायच्या, मधेच कुणी खिडकीतून हाका मारून हुकूम बदलायला लागला तर तो पहारा उरत नाही, ते लग्नघर होतं. म्हणजे सर्व्हिस तीन वर्षं चालू होती ती जुने हुकूम मनात धरून, फ्रिज दोनला दहा मिनिटंच देत. आणि बाहेर फाइलमध्ये कुणीतरी दोनशे चाळीस लिहून निवांत घरी गेलं होतं. तो आकडा तीन वर्षं फाइलमध्ये पडून होता, एक दिवसही अमलात न येता. आज पहिल्यांदा तो वाचला जाणार होता. साहेबांच्या 'एकदा तरी बोंब झाली का' याला काही अर्थच नव्हता, कारण जे तीन वर्षं चाललं ते हे नव्हतंच.

"कुणी बदलली ते कसं कळायचं?" मी विचारलं. "आम्ही सगळे एकाच नावाने आत जातो."

"माणूस राहू दे. आकडा बघ," बाई म्हणाल्या. "दोनशे चाळीस का? पण का? फ्रिजाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. दोनशेही नाही, तीनशेही नाही. चार तास आहेत ते. फ्रिजाला चार तास लागत नाहीत रे कधी. माणसाला लागतात. चार तास कुणाला हवे होते?"

पलीकडे कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक बाई चादर झटकत होती, दोन टोकं धरून, एकदा, दोनदा, आणि मला दुपारचे दोन वाजल्याचं आठवलं, तीन वर्षांपूर्वीचे. पेढी सातमधली तंत्रज्ञ त्या दिवशी सकाळपासून पाच वेळा फोनवर आली होती: फ्रिज दोनच्या दाराचं रबर फाटलंय, दार नीट बसत नाही, भोंगा सारखा वाजतोय, रबर मागवलंय, तोवर काहीतरी करा हो, डोकं उठलंय. आणि मला दोन वाजता निघायचं होतं. लेक शिकायला परदेशी चालली होती, विमानतळ शहराबाहेर, जायला दीड तास, यायला दीड, तिथे एक. चार तास. मी हिशेब केला होता तो त्या चार तासांचा. त्या चार तासांत भोंगा वाजू नये, फोन येऊ नये, एवढंच मला हवं होतं, सहाला परत येऊन पूर्ववत करायचं असं ठरवून. मी ओळ उघडली, दहाचे दोनशे चाळीस केले. पुढे बाईंचं कारण होतं, ते तीन मिनिटांचं आणि घाबरलेल्या माणसाचं. ते त्या आकड्याशेजारी बघवेना. मी ते पुसलं. आल्यावर लिहू म्हटलं. सर्व्हिस पुन्हा सुरू केल्याशिवाय ती हे वाचणारच नाही हे घाईत डोक्यात आलंच नाही. गाडीत बसलो, आणि अर्ध्या वाटेत फोन गप्प झाला तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. लेक शेजारी बसली होती. "बाबा, सारखा फोन काय बघताय?" ती म्हणाली. "काही नाही," मी म्हटलं, "एक फ्रिज गप्प केला." ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिला काहीतरी बोलायचं असावं. मी विचारलं नाही. भोंगा थांबला तो माझ्यामुळे नव्हे. त्याच वेळी तिकडे नवं रबर पोहोचलं होतं, दार बसलं होतं. मी सहाला परत आलोच नाही. विमान उशिरा सुटलं, मग बायको रडली, मग आम्ही दोघं वाटेत कुठेतरी जेवलो. दुसऱ्या दिवशी सगळं शांत होतं, आणि शांत असलेल्या गोष्टीकडे मी कधीच वळून पाहत नाही, घरातही.

"बाई," मी म्हटलं, "मला हवे होते."

"बरं."

"लेकीला सोडायला गेलो होतो."

"कारण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आकडा वाईट आहे."

"मी 'स्थानिक गरज' लिहून सुरू करणार होतो. आत्ता. दहा मिनिटांपूर्वी."

"केली असतीस तर माझ्या प्रोग्रामने मुकाट घेतलं असतं." त्यांच्या आवाजात ना दोष होता ना दिलासा, दोरा सुईत जातो की नाही हे बघताना माणूस बोलतो तसा होता. "त्या दिवशी तू तिथे काहीतरी खोटं लिहिलं असतंस तरी घेतलं असतं. तू रिकामं ठेवलंस. तेवढ्यावर अडली ती. त्यापेक्षा जास्त मला काही जमलं नाही बघ. रिकाम्यापुढे ती जात नाही, एवढंच जमलं. आला माझा नंबर." आणि फोन ठेवला.

मी बसून राहिलो. लोक थोर माणसांबद्दल बोलतात तेव्हा बहुधा पुतळ्याच्या उंचीबद्दल बोलतात. माझ्या डोळ्यांपुढे स्टुलावर बसून दार किती वेळ उघडं राहतं ते मोजणारी एक बाई होती. घाबरलेला माणूस किती चुकेल हे तिने मिनिटांत लिहून ठेवलं होतं, आणि ज्या माणसाने तिला अख्ख्या बैठकीत हसण्यावारी नेलं तो पुढे काय करेल याचीही सोय केली होती, त्याचं नाव माहीत नसताना. माणसं खोटं बोलतात हे तिला ठाऊक होतं. पण खोटं बोलायच्या आधी, अगदी निलाजऱ्या माणसाचाही, एक क्षण रकाना कोरा राहतो. आणि बाईंनी सगळा पहारा त्या एका क्षणावर बसवला होता. मला माझ्या कितीतरी ओळी आठवायला लागल्या ज्या मी कधीतरी घाईत बदलल्या आणि कारण नंतर लिहू म्हटलं. मेहुण्याशी नऊ वर्षं बोलत नाही. बायको काही सांगायला लागली की टीव्हीचा आवाज कमी करतो, बंद करत नाही. लेकीचा फोन आला की आधी तिकडचं हवामान विचारतो. यातलं किती खरोखर चालू आहे आणि किती नुसतंच फाइलमध्ये पडून आहे, कुणी सांगावं. अशा विचारांना शेवट नसतो आणि अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

दोनशे चाळीसचे दहा केले. बाईंचं कारण शेजारच्या ओळीतून उचलता येत होतं, तेच होतं. मी ते उचललं आणि पुढे लिहिलं: "मधे तीन वर्षं इथे २४० होतं, ते लागू झालं नाही. एका माणसाला चार तास हवे होते म्हणून त्याने फ्रिजाचे घेतले." सुरू हो म्हटलं. ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, सदतिसाव्यावर आली, गेली, दोनशे चौदाव्यावर पोहोचली आणि काही न बोलता कामाला लागली. मी तोवर उभाच होतो, का ते माहीत नाही. साहेबांना चालू झाली म्हणून कळवलं. "बघा, म्हटलं होतं ना," ते म्हणाले. "काय लिहिलंत, स्थानिक गरज?" मी म्हटलं, नाही साहेब, चूक होती, माझी होती, दुरुस्त केली, आणि आता पेढी सातला कळवतो. ते म्हणाले, "त्यांना कशाला? झालं ना काम? उगाच तिकडे कागद तयार होतील." मी हो-नाही काही न म्हणता फोन ठेवला, जे आमच्यात नाही म्हणण्याची सर्वमान्य पद्धत आहे.

पेढी सातमध्ये तीच तंत्रज्ञ अजून होती. आवाज ओळखला. सकाळपासून दर दहा मिनिटांनी आकडे लिहून तिचा आवाज कोरडा झाला होता. मी सांगितलं, आता लिहायचं थांबवलंत तरी चालेल. मग फाटक्या रबराच्या दिवसापासून आजपर्यंतचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मागे फ्रिजांची घरघर येत होती.

"म्हणजे आज ते तसंच चालू झालं असतं," ती हळू म्हणाली, "आणि दोन नंबरचं दार पुन्हा उघडं राहिलं असतं, तर आम्हाला चार तास काही कळलंच नसतं."

"नाही."

"आणि आम्ही रक्त देत राहिलो असतो."

"हो."

तिकडे फ्रिजाचं दार उघडून पुन्हा लावल्याचा आवाज आला. मी वाट बघितली.

"काय आहे ना सर, भोंगा आहे म्हणून आम्ही बघत नाही," ती म्हणाली. "वाजला नाही म्हणजे ठीक आहे असं धरून चालतो. आजपासून सकाळ-संध्याकाळ मी स्वतः बघून लिहीत जाईन. तुमचं चालू असलं तरी. राग मानू नका."

"नका सोडू ते," मी म्हटलं.

कागद सरकवल्याचा आवाज आला. "हे वहीत लिहावं लागेल मला. काय झालं होतं ते, आणि कुणी कळवलं ते. कचेरीचं नाव लिहू का नुसतं?"

"नाही," मी म्हटलं. आणि माझं नाव सांगितलं. तिकडे पेन चालल्याचं ऐकू आलं, मग थांबलं, आणि तिने नीट ऐकलं असावं असं वाटत असूनही मी आडनावासकट पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.